लंबूचे आर्म

“तिन्ही गॅरेजवाल्यांनी हेच सांगितलं, भाऊजी. हे घरी बनवलेले आर्म काढून फेका आणि कंपनीचे बसवा. म्हणून मग तुमच्याकडे आणली गाडी.”

मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आला. गाडी शेडमध्ये शिरतानाच त्याने ओळखली होती. वहिनींना मात्र तो नऊ वर्षांनी बघत होता. त्या म्हणजे लंबूची बायको. लंबू गावोगाव फिरून पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. तीस वर्षांपासूनचा दोस्त. मागच्या उन्हाळ्यात तो गेला आणि मिस्त्रीला ते आठ दिवसांनी कळलं, तेही एका गिऱ्हाइकाकडून.

नऊ वर्षांपूर्वी दोघांचं भांडण या आर्मवरूनच झालं होतं. खराब रस्त्यांसाठी लंबूला गाडी उंच करायची होती. मग मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल जागेवर धरणारे चारही आर्म लांब लागणार. ते तो स्वतःच पाइप कापून बनवणार होता. “दोन्ही टोकांना रबरी बुश ठेवलेस तर आर्म हलताना अडकतील. वरच्या दोघांना एका टोकाला फिरता सांधा दे,” मिस्त्रीने सांगितलं. लंबू नुसताच हसला. तेव्हा मिस्त्री चारचौघांत बोलून गेला, “तुझ्या डोक्याबाहेरचं काम आहे हे.” लंबूने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला. याने फोन केला नाही, म्हणून त्यानेही केला नाही.

“त्रास काय होतो?” मिस्त्रीने विचारलं.

“वळणावर मागची बाजू उडते. खड्ड्यात करकरते. पण बदलायचे नाहीत हं. त्यांच्या हातचे आहेत.”

त्याने गाडी स्टँडवर घेतली, मागची चाकं आणि स्प्रिंगा काढल्या. अ‍ॅक्सलच्या एका बाजूला जॅक लावून तो हळूहळू वर उचलू लागला. आर्म खरं तर बिजागरीवरच्या दारासारखे निमूट हलायला हवेत. चार बोटं वर गेल्यावर जॅकचा दांडा जड झाला, रबर कुरकुरलं. म्हणजे अडकत होतेच. क्षणभर मिस्त्रीला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

टॉर्च घेऊन तो गाडीखाली सरकला. वरच्या आर्मवरचा चिखल पुसला आणि हात थांबला. एका टोकाला फिरता सांधा होता. जुनं वेल्डिंग घासून काढून नवं केलेलं, बारीक, एकसारखं.

“वहिनी, हे कधी केलं त्याने?”

“ते होय? तुमचं वाजलं त्याच्या पुढच्याच महिन्यात. चारदा कापलं, चारदा जोडलं. ‘मिस्त्री बरोबर होता, पण त्याला सांगायचं नाही,’ म्हणाले.” वहिनी हसल्या. “आता सांगितलंच मी.”

“मग यायचं ना इकडे.”

“आले होते की. दोनदा. कोपऱ्यावरून परत फिरले.”

मिस्त्री आणखी आत सरकला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

जरा वेळाने त्याने विचारलं, “बुश नवे दिसतात. कोणी बदलले?”

“त्यांनीच. शेवटी शेवटी. वाकायला बंदी होती, पण ऐकतात कुठले! चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले. ‘गाडी खाली उतरवून पुन्हा सैल करतो, मग नीट आवळतो,’ म्हणाले होते. राहूनच गेलं.”

एवढंच होतं तर. लोंबकळत्या अवस्थेत आवळल्यामुळे गाडी जमिनीवर आली की रबर पिळून निघत होतं. लंबूला सगळं कळत होतं. नुसता वेळ पुरला नव्हता.

त्याने सगळे बोल्ट सैल केले आणि जॅक पुन्हा फिरवला. अ‍ॅक्सल वर गेला, खाली आला. आधी एक बाजू, मग दुसरी. कुठेही हिसका नाही. स्प्रिंगा आणि चाकं चढवून गाडी त्याने शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी केली.

“आता रोजच्या वजनावर आवळायचं. मागे काय काय असतं?”

वहिनींनी मागचं दार उघडलं. अवजारांची लोखंडी पेटी, साखळदंड, पाइपपाने, सगळं जागच्या जागी होतं.

“वर्ष झालं, काढवलं नाही,” त्या म्हणाल्या.

“हे ओझं गाडीतच राहणार असेल तर तसं आवळतो. घाई नाही.”

वहिनींनी पेटीच्या कडीवरून हात फिरवला. मग पदर खोचला. “काढू या. मी एकटीच तर असते गाडीत.”

साखळदंड, पाने त्यांनी स्वतःच उतरवले. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. पेटी मात्र दोघांनी मिळून धरली. ओझं उतरल्यावर मागची बाजू दोन बोटं वर आली. मिस्त्रीने गाडी चार-पाचदा दाबून सोडली, वजन पडावं म्हणून वहिनींना स्टिअरिंगवर बसवलं, खड्ड्यात उतरून एकेक बोल्ट आवळला आणि प्रत्येकावर खडूची खूण केली.

निघताना वहिनी म्हणाल्या, “पेटी तुमच्याकडेच राहू द्या, भाऊजी. घरी नेली तर सारखी दिसत राहील.”

गाडी कोपऱ्यावर न डगमगता वळली. मिस्त्री आत आला. त्याने फडताळातला मधला, हाताशी येणारा कप्पा रिकामा केला. स्वतःची अवजारं खाली जमिनीवर मांडली, कप्प्यातली धूळ पुसली आणि कोणाला हाक न मारता, गुडघ्याचा आधार देत देत, पेटी एकट्याने वर चढवली.