हलका झटका

सासूबाईंनी कोंबडीच्या डोळ्याला बोट लावलं आणि पापणी मिटली. पुढच्या कोंबडीचीही मिटली. तिसरीची वाट न पाहता त्यांनी लाल बटण दाबलं. साखळी कचकन थांबली आणि आकड्यांना उलट्या टांगलेल्या कोंबड्या जागच्या जागी झुलत राहिल्या.

"आता काय झालं?" पुढे सुरीपाशी उभा असलेला कापणारा ओरडला.

"जाग्या आहेत. सुरी थांबवा. या उतरवून परत टांगाव्या लागतील."

कत्तलखान्यातलं त्यांचं काम एवढंच. साखळीवरून येणाऱ्या कोंबडीचं डोकं आधी वीज सोडलेल्या पाण्यात बुडतं, तिथे ती बेशुद्ध पडते, मग सुरी. मधे उभं राहायचं आणि अधूनमधून एकीचा डोळा तपासून बेशुद्धी खरी की खोटी ते बघायचं. खोटी निघाली तर जिवाला सुरी कळते, आणि इतक्या वर्षांत ते काही त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

विजेच्या हौदावर गेल्या आठवड्यापासून त्यांचा जावई होता. माणूस लाखात एक, पण भलताच मऊ. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारा. आधीच्या दोन नोकऱ्या हातच्या गेल्यावर सासूबाईंनीच सुपरवायझरला शब्द देऊन त्याला इथे चिकटवलं होतं. ही गेली तर लेकीच्या संसाराचं काय, हा घोर त्यांना होता. एरवी कुणालाही फैलावर घेणाऱ्या या बाईची जीभ जावयापुढे मात्र रेटत नसे.

त्या धावतच हौदापाशी गेल्या. पाणी काठोकाठ होतं. आकडे ओले होते. कोंबड्या काही लहान नव्हत्या, डोकी नीट बुडत होती. मग त्यांनी वीज सोडणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. काटा निम्म्यावर होता.

"हा कुणी फिरवला?"

"मीच. आत्ता चहानंतर," जावई म्हणाला. "पाणी लागलं की कशा ताठ होतात, बघवत नाही हो आई. म्हटलं, झटका हलका दिला तर बिचाऱ्यांना तेवढाच त्रास कमी."

हलक्या झटक्याने अंग तेवढं लुळं पडतं, शुद्ध जात नाही, हे सासूबाईंच्या अगदी ओठांवर आलं. जावई त्यांच्याकडे बघत होता, शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने. त्यांनी काटा फिरवून पूर्वीच्या जागी आणला.

"यंत्राला कमी चालत नाही, बिघडतं ते," त्या म्हणाल्या. "पुन्हा हात लावू नका. वर विचारलं तर काटा आपोआप सरकला म्हणून मी सांगेन."

"आणि मघाशी ज्या पुढे गेल्या? त्यांना काही कळलं नसेल ना?"

"नाही. काही नाही कळलं."

जावयाने मान डोलावली. उतरवलेल्या कोंबड्या पुन्हा टांगल्या गेल्या आणि साखळी सुरू झाली. पहिली कोंबडी पाण्याला लागून ताठ झाली. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही.

"आई," तो हळूच म्हणाला, "मग तुम्ही धावत का आलात?"