बिनवासाचं स्पिरिट

बाटली उपडी करून आईने तळहातावर स्पिरिट घेतले आणि ती थबकली. तळवा गार पडला नाही. नाकाशी नेले, वास नाही. जिभेच्या टोकाला लावून पाहिले. निव्वळ पाणी.

पलंगावर मुलगा पाय पसरून वाट पाहत होता. पोटऱ्या वाळून काठ्या झालेल्या, पावले लोंबती. त्याच्या वडिलांचेही असेच झाले होते. आजार मज्जातंतूंचा, रक्तातूनच आलेला. औषध नाही, असे डॉक्टरांनी दोन्ही वेळा सांगितले. म्हणून तिने दोघांचेही पाय वर्षानुवर्षे स्पिरिटने चोळले. त्या कामाला तिने सुनेला कधी हात लावू दिला नाही.

संशयही सुनेवरच गेला. आई तडक स्वयंपाकघरात शिरली.

"बाटलीत पाणी कोणी भरलं?"

"मला काय माहीत, आई? ती बाटली पुसायला तरी देता का मला?" सून भांडी घासता घासता म्हणाली. "माझ्यावर डोळा ठेवून ठेवून चष्म्याचा नंबर वाढेल तुमचा."

"तोंड बघा कसं चालतंय! मग काय, आपोआप झालं पाणी?"

"मी भरलं." मागे आईची मुलगी उभी होती. "आई, जरा गच्चीत चल."

मुलगी प्रयोगशाळेत माश्यांवर काम करायची. घरात तिला माश्यावालीच म्हणत. त्या माश्यांमध्ये याच आजाराचा दोष होता.

"त्यांना आम्ही एक नवं औषध देत होतो," ती म्हणाली. "ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून स्पिरिटमध्ये. तुलनेसाठी काहींना नुसतं स्पिरिट दिलं."

"बरं, मग?"

"नुसत्या स्पिरिटवाल्यांचे पाय काहीच न दिलेल्या आजारी माश्यांपेक्षा लवकर गेले. निरोगी माश्यांना मात्र त्यानं काहीच झालं नाही."

पोरगी काहीतरी लपवतेय, असे आईला वाटले.

"माश्या आणि माणसं सारखी का?"

"नाही. कातडीतून ते किती आत जातं, तेही ठाऊक नाही. कदाचित काहीच नसेल. नक्की कळेपर्यंत मी बोलणारच नव्हते."

"काहीच नसेल, तर बाटली का बदललीस?"

मुलगी कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिली.

"ह्यांना तर मी सकाळ-संध्याकाळ चोळायचे," आई हळूच म्हणाली.

"बाबा आजाराने गेले, आई."

"मी विचारलं का तुला?"

आतून मुलाची हाक आली. "आई, येतेस ना? का झोपू मी तसाच?"

आई आत आली. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच स्वयंपाकघराकडे वळली.

"ऐकलंस का गं? आजपासून त्याचे पाय तू चोळ. साधं तेल घे."

सुनेचे ओले हात हवेतच राहिले. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

"अगंबाई! एकदम एवढा विश्वास?"

"तुझे हात चांगले आहेत," आई म्हणाली.