आंदणाचा कूलर, बोंड्याचं घर

मित्रांनो, आज मला पाहून कोणी कूलर म्हणणार नाही. अंगावरचा अस्मानी रंग उडाला आहे, पंखा काढून घेतला आहे, गवताच्या ताट्या कधीच्या चुलीत गेल्या आहेत आणि माझ्या पोटात कुत्र्याचं एक पिल्लू खुशाल घोरत पडलं आहे. तरीही मी कूलरच आहे. जुना असलो तरी अस्सल लोखंडी पत्र्याचा.

वाशीमच्या एका पत्र्याच्या दुकानात मला कापून, वाकवून, ठोकून उभं केलं. आमच्या भागात मुलीला आंदणात पलंग, कपाट आणि भांड्यांच्या जोडीने कूलर देण्याची रीत आहे. इथलं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. मंजुषाचे वडील दुकानात आले तेव्हा त्यांनी मला चालू करायला लावलं आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसले. इतका वेळ बसले की दुकानदाराला वाटलं, पाहुणे झोपले! मग ते उठले आणि म्हणाले, "हाच द्या." असा मी हळदीकुंकू लावून, ट्रॅक्टरमध्ये बसून मंजुषाबरोबर आसेगावला सासरी आलो.

काय दिवस होते ते! मे महिन्याच्या दुपारी सगळं घर माझ्यासमोर आडवं व्हायचं. शेजारच्या गोमतीबाई पापड लाटायचं निमित्त काढून यायच्या आणि पापड तसेच ठेवून डुलक्या घ्यायच्या. मंजुषाची मुलगी ज्योत्स्ना माझ्याच गारव्यात लहानाची मोठी झाली. माझ्या जाळीला तोंड लावून ती "आऽऽ" करायची. पंख्यामुळे आवाज थरथरला की खदखदून हसायची. मला भारी गंमत वाटायची. आणि खरं सांगतो, थोडा गर्वही व्हायचा.

पण लोखंडाला गंज आणि कौतुकाला शेवट असतोच. माझी टाकी गळू लागली. घरात एक पांढरा, गुबगुबीत, चाकांवर फिरणारा प्लास्टिकचा कूलर आला आणि मी गोठ्याच्या भिंतीशी गेलो. ज्योत्स्नाच्या वडिलांनी, भागवतने, माझा पंखा सोयाबीन उफणायला काढून नेला. भंगारवाला दारात आला की माझ्याकडे बोट दाखवून विचारायचा. मंजुषा मात्र दर वेळी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायची. तोवर तिचे वडील वारले होते. मला पुसायला ती कधी आली नाही, पण मला विकूही दिलं नाही.

मग एके दिवशी ज्योत्स्ना नाचतच घरी आली. भागवतच्या मावसभावाकडे रिसोडला कुत्रीला पिल्लं झाली होती आणि एक पांढरं पिल्लू तिला मिळणार होतं. कपाशीच्या फुटलेल्या बोंडासारखं दिसत असणार म्हणून न पाहताच तिने त्याचं नाव बोंड्या ठेवून टाकलं. ते आईचं दूध सोडून दूधभाकर खायला लागलं की आणायचं, असं ठरलं. दिवाळी होऊन गेली होती आणि थंडी पडू लागली होती. पिल्लाला घर हवं होतं.

भागवतची नजर माझ्यावर पडली. "याचंच घर करू," तो म्हणाला.

मंजुषा हातातलं सूप घेऊनच बाहेर आली. "माह्या बाबानं देलेला कूलर हाय तो! आंदणाची वस्तू कुत्र्याले देता? काही वाटते का तुमाले?"

"अवं, नाही तं गंजूनच राह्यला ना तो."

"गंजू द्या. गंजला तरी माह्या बापाचा हाय."

ज्योत्स्नाचं तोंड एवढंसं झालं. लेकीकडे पाहून मंजुषा आत वळली. जाता जाता मात्र म्हणाली, "करा काय कराचं ते. पन मी त्या कुत्र्याले हात लावणार नाही, सांगून ठेवतो."

मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटत होतं. मंजुषाचं दुःख मला कळत होतं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायची हौसही सुटत नव्हती. बापलेक कामाला लागले. भागवतने माझ्या दोन बाजू जुन्या फ्लेक्सने बंद केल्या आणि पंख्याच्या गोल भोकावर फुटकं घमेलं तारेने बांधलं. धारदार कडा दगडाने ठोकून त्यांवर सायकलची चिरलेली ट्यूब चढवली. ज्योत्स्नाने पायरीसाठी समोर विटा रचल्या. आता उरलं अंथरूण.

इथेच घात झाला, मित्रांनो. हरभऱ्याची पेरणी नुकतीच आटोपली होती. पेरणीआधी बियाण्याला कीड लागू नये म्हणून गुलाबी रंगाचं विषारी औषध चोळतात. भागवत आणि ज्योत्स्नाने बियाणं आणि औषध एका पोत्यात घातलं होतं आणि दोन्हीकडून टोकं धरून पोतं झुलवत ते घोळलं होतं. ते रिकामं पोतं खुंटीला लटकत होतं. इतर पोती मळकी, फाटकी. हे नवंकोरं आणि वर गुलाबी रंगाचं. बोंड्याला सगळ्यांत चांगलं द्यायचं म्हणून ज्योत्स्नाने तेच काढलं.

"मस्त हाय," भागवतही म्हणाला. त्याच्या नखांत अजून तो गुलाबी रंग होता.

त्यांना दोष कसा देऊ? शेतकऱ्याच्या घरात औषधाचा वास इतका रोजचा असतो की नाकाला जाणवतच नाही. पोतं माझ्या पोटात पसरलं तेव्हा मला मात्र तो उग्र वास जाणवला. मी ओरडलो असतो. पण पत्र्याला तोंड कुठे असतं?

बोंड्या आला. काय सांगू त्याचं! मऊ, ओल्या नाकाचा, सगळीकडे हुंगत फिरणारा. दात शिवशिवत होते, म्हणून दिसेल ते चावायचा. आधी माझी ट्यूब चावली, मग वीट चाटली आणि मग पोत्याचा कोपरा धरला. तो कोपरा त्याला फारच आवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना शाळेत होती आणि भागवत शेतात. मंजुषा अंगणात डाळ पाखडत बसली होती. बोंड्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. त्याने उलटी केली आणि त्याचं अंग थडथड उडू लागलं. हलता हलता ते माझ्या पत्र्यावर आपटत होतं. आवाज ऐकून मंजुषाने दोनदा मान वळवली आणि पुन्हा सूप हलवलं. तिसऱ्यांदा मात्र ती उठली. माझ्यासमोर उकिडवी बसून तिने आत पाहिलं. पिल्लाचे ओठ गुलाबी झाले होते.

"अवो माय!"

हात न लावण्याचं ती त्याच क्षणी विसरली. तिने बोंड्याला बाहेर ओढलं आणि त्याचं तोंड आणि पंजे पाण्याने पुसून काढले. मग कानाला फोन लावला. "गाडी घेऊन लवकर या! पिल्लानं बियाण्याचं पोतं चावलं. हो, औषधाचंच! आपनच टाकलं ना त्याच्या खाली!"

एकीकडे बोलत तिने उकिरड्याजवळ टाकलेलं औषधाचं रिकामं पाकीट शोधलं आणि कमरेला खोचलं. भागवत येताच बोंड्याला पदरात गुंडाळून ती मोटारसायकलवर मागे बसली. दोघं मंगरूळपीरला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघून गेली आणि मी रिकामा राहिलो.

ज्योत्स्ना शाळेतून आली. गोमतीबाईंनी तिला झालेलं सांगितलं. तिने दप्तर टाकलं, माझ्या आत डोकं घातलं आणि रडू लागली. "म्याच टाकलं ते पोतं. म्याच मारलं त्याले." नाही गं पोरी, तू तर सगळ्यांत चांगलं ते दिलं होतंस. मला हे तिला सांगता आलं नाही. माझ्या गंजलेल्या पत्र्यावर तिचे अश्रू पडत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्याची भीती वाटली.

दिवस मावळताना गाडी आली. मंजुषाच्या पदरातून एक पांढरा कान बाहेर लोंबत होता. तो हलला.

"बरा होईन ना आई?" ज्योत्स्नाने विचारलं.

"पाकीट पाहून डॉक्टरनं लगेच सुई देली. म्हणे, वेळेवर आणलं. आता कायले रडतं? सरक, आत घेऊ दे त्याले."

बरा होईपर्यंत बोंड्या मंजुषाच्या उशाशीच झोपला. तो उठून दूध चाटू लागला तेव्हा ती माझ्याकडे वळली. ते पोतं काढून टाकून गरम पाण्याने आणि सोड्याने तिने मला आतबाहेर घासलं. उन्हात वाळवलं. मग गुडघे टेकून माझ्या पोटात अख्खं डोकं घातलं आणि कोपरा न् कोपरा हुंगला. काहीच वास उरला नाही हे पाहूनच गव्हाचं कोरडं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं आणि त्यावर आपल्या जुन्या सुती साडीची घडी घातली. बोंड्याला तिने आत ठेवलं. मग माझ्या पत्र्यावर हात ठेवून हळूच बोलली, "बाबा, तुमी म्हणे, माह्या पोरीले ऊन लागलं नाही पाह्यजे. आता याले थंडी लागू देऊ नका."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण त्या दिवशी मला रडू आलं.

तुमच्या घरी असा लहानगा जीव येणार असेल, तर त्याच्यासाठी घर जरूर सजवा. माझ्यासारखं जुनं काही पडून असेल तर त्यालाही कामाला लावा, त्याला आनंदच होईल. पण आधी गुडघ्यांवर बसा. पिल्लाचं नाक जिथे जाईल तिथे आपलं नाक न्या. तुम्ही जे अंथराल त्यावर ते डोळे मिटून झोपतं. तुम्हाला विचारत नाही.