हाकोपाची शिक्षा

हाकोपा सही मागायला आला तेव्हा मी मराएच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघराच्या, पायरीवर बसून शिंपले साफ करत होते. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा. पन्नाशी उलटली, खांदे दरवाजाएवढे, पण काही मागायची वेळ आली की शाळेतल्यासारखा पायाने माती उकरत उभा राहतो.

“मावशी, तुझी एक सही हवी होती.”

“लग्न करतोयस?”

“नाही गं. शिक्षा झालीये.”

लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून हाकोपा सरकारी बेकारभत्त्यावर होता. आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं होती. आधी ऑफिसची माणसं अधूनमधून विचारायची, ‘काय, मिळालं का काम?’ आपण म्हणायचं, ‘शोधतोय.’ मग वेलिंग्टनमध्ये कोणाला तरी वाटलं की आम्ही नीट शोधत नाही. नियम बदलले आणि माणसांना रंग आले. हिरवा म्हणजे तू शहाणा, नारिंगी म्हणजे सांभाळ, तांबडा म्हणजे भत्ता गेला. आमच्या खोऱ्यात रस्ता एकच, त्यावर एकही सिग्नल नाही. माणसांना मात्र लागले.

हाकोपा नारिंगी झाला होता. का, तर ऑफिसने बोलावलं त्या दिवशी गेला नाही. त्या दिवशी तुरेई म्हाताऱ्याची तांगी, म्हणजे मयतीचा निरोप, चालू होती. तीन दिवस तुरेई आमच्यामध्ये झोपून होता आणि बसच्या बस भरून माणसं त्याचा निरोप घ्यायला येत होती. आलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, त्यामुळे हाकोपा तिन्ही दिवस मागे, पातेल्यांशी.

आता मयतीचं कारण ऑफिसला चालतं. ‘आमच्यात मयत झाली’ एवढं म्हणाला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फोनवरच्या बाईने विचारलं, “तुम्ही शोकात होता का?” आणि हे ध्यान म्हणालं, “नाही, मी स्वयंपाकघरात होतो.”

आमच्यात हे उत्तर बरोबर आहे. रडायचं ते पुढच्या घरात, मृताच्या उशाशी. तो मान पुढच्यांचा. मागचे लोक रडत नाहीत, त्यांना वेळच नसतो. दुसऱ्याचा मान आपल्याकडे कसा घ्यायचा, असं हाकोपाला वाटलं. बाईने तिकडे रंग बदलला.

“आता दोनच रस्ते आहेत,” तो म्हणाला. “एक, अर्धा भत्ता कार्डावर घ्यायचा. ते कार्ड शहरातल्या ठरावीक दुकानांतच चालतं, आपल्या पंपावर चालत नाही. नाहीतर एखाद्या संस्थेत फुकट काम करायचं. आठवड्याला पाच तास, चार आठवडे. संस्थेच्या प्रमुखाने सही द्यायची. तर मी म्हटलं, आपलं मराएचं स्वयंपाकघर आहेच, आणि अध्यक्ष तू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“शिक्षा म्हणून? आपलं स्वयंपाकघर? म्हणजे तुझ्या आईने जन्मभर तिथे शिक्षाच भोगली म्हण की!”

“तसं नाही गं—”

“तसंच आहे. उद्या कोणी विचारलं, हाकोपा चुलीशी का उभा आहे, तर काय सांगू? सरकारने उभा केलाय? घरच्या माणसाला घरात कैदी म्हणून लिहून देऊ? मी नाही सही करणार. जा, शहरात जुने कपडे विकतात त्या दुकानात पँटी मोजत बस.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. हाकोपा भांडत नाही. त्याने माझ्यासमोरची शिंपल्यांची बादली उचलली, आत नेऊन ठेवली आणि परत आला.

“मग मी ब्रिस्बेनला जातो, मावशी. पोरगा कधीचा बोलावतोय. त्याच्या साइटवर काम आहे. इथे पेट्रोल नसलं तर मुलाखतीला जाणार कसा? पुन्हा चुकलं की तांबडा.”

खरं सांगते, त्याच्या भत्त्याची मला तेवढी चिंता नव्हती. हाकोपा गेला तर मी काय करू, हीच चिंता. मला मूल नाही. सकाळी माझं दार नीट उघडलंय की नाही हे बघायला रोज येणारा माणूस जगात एकच.

दुसऱ्या दिवशी मी चांगली हॅट घातली आणि त्याला घेऊन ऑफिसात गेले. समोर सिना नावाची मुलगी होती, सामोआ बेटांवरची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी तिला ऐकवलं. तांगी काय असते, पातेली केवढी असतात, न खाता कोणी परत गेलं तर आमच्या सात पिढ्यांचं नाक कसं कापलं जातं, सगळं. हाकोपा बाजूला बसून स्वतःचे बूट बघत होता.

सिनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मावशी, माझी आजी गेली तेव्हा मीही आठवडाभर मागे भांडीच घासत होते. मला कोणी रडू दिलं नाही. तुम्ही सांगताय ते मला कळतं. पण हा रंग पुसायचं बटण माझ्याकडे नाही. तुम्ही सही केलीत तर चार आठवड्यांनी तो आपोआप हिरवा होईल.”

“शिक्षा म्हणून सही?”

“तुम्ही मनात काहीही म्हणा. कागद मन वाचत नाही.” मग जरा ओशाळून म्हणाली, “आणि एक आहे. देखरेख लागते. जबाबदार माणसाने पूर्ण वेळ त्याच खोलीत बसायचं.”

“जबाबदार माणूस कोण?”

हाकोपा पहिल्यांदा बोलला. “तूच ना गं. अध्यक्ष.”

आता ही पंचाईत. पाहुण्यांना अंगणात पहिली हाक घालायचा मान माझा. हाक घालणारी बाई पुढे असते. आई गेल्यापासून मी त्या स्वयंपाकघरात चहा मागण्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तरीही मी हो म्हणाले. अभिमान गिळायला जड गेला, पण ब्रिस्बेन त्याहून जड होतं.

पहिल्या गुरुवारी मी खुर्ची टाकून बसले. हाकोपाने रेवेनाचं पीठ काढलं. आंबवलेल्या बटाट्याचा तो ब्रेड आम्ही सगळे नुसते खात आलो. तो मळताना पिठाशी बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

“काय सांगतोस त्याला?”

“उठ म्हणतो. आळशी आहे.”

“मग त्याला पण नारिंगी कर.”

तो असा हसला की पीठ नाकावर उडालं. तेवढ्यात मागच्या दारातून माझी चुलतबहीण नायरी डोकावली. “कैदी कुठाय? आणि ही जेलर होय! हॅट घालून?” जा म्हटलं तर गेली नाही. खाली बसली आणि रताळी सोलायला लागली. पुढच्या गुरुवारी तिचा नवरा आला, शेजारचे दोघे आले. तिसऱ्या गुरुवारी टेबलाभोवती जागा उरली नाही.

“तुम्हाला कोणी बोलावलंय?” मी विचारलं.

“आम्ही पण नारिंगीच गं,” नायरीचा नवरा म्हणाला. “फक्त कागद अजून आला नाही.”

एवढ्या अन्नाचं करायचं काय? शाळेत पाठवलं, खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. मला ते गुरुवार आवडायला लागले. बुधवारपासूनच मी वाट बघायची. शिक्षा हाकोपाला झाली होती आणि मजा माझी चालली होती.

मग तिसऱ्या गुरुवारी, सगळे गेल्यावर, पातेलं घासताना तो म्हणाला, “पोराने तिकीट काढलं.”

“कधीचं?”

“तास संपतात त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. हिरवा होऊन जाईन म्हटलं, मावशी. तोंड लपवून जायचं नाही.”

त्याला थांबवायला सही केली होती, आणि तो माझ्याच सहीवर निघाला होता.

तो आठवडा मी कोणाशी धड बोलले नाही. एक गोष्ट मनात येत होती, ती सांगून टाकते. शेवटची सही अजून बाकी होती. ‘हा उशिरा आला’, एवढंच लिहायचं. रंग नारिंगीच राहिला असता आणि तो तसा गेला नसता, मला माझा हाकोपा माहीत आहे. कोणाला कळलंही नसतं.

शेवटच्या गुरुवारी मी सगळ्यांना आधीच निरोप धाडला, आज कोणी येऊ नका. पाच तास आम्ही दोघेच होतो. त्याने ओटा पुसला, पातेली उपडी घातली, ब्रेड फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. मी पेन काढलं आणि सही केली. खाली लिहिलं, ‘याच्यासारखा माणूस नाही.’ तेवढी जागा नव्हती, म्हणून कडेने लिहिलं. कागद त्याच्या हातात दिला.

“घे. आता तू मोकळा आहेस. आता मी बोलते ते ऐक.”

तो टॉवेल हातात घेऊन उभा राहिला.

“आपल्याकडून ब्रिस्बेनला गेलेली माणसं परत येतात ती मयतीला. कधी दुसऱ्याच्या, कधी स्वतःच्या. तू पण येशील. मी पुढच्या घरात झोपलेली असेन, आणि तू विमानातून उतरून सरळ मागे जाशील पातेली चढवायला. मला नाही ते चालणार. मला तू जिवंतपणी हवायस. भत्ता गेला तर माझ्या ताटात जेव. काम इथे मिळालं तर कर, नाही मिळालं तर शोध, मी गाडीत पेट्रोल भरते. पण जाऊ नकोस रे. मला नाही करमणार.”

एवढं मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. हाकोपा टॉवेल पिळत राहिला, टॉवेल कोरडाच होता. मग त्याने खिशातून फोन काढला.

“हां, बाबा बोलतोय. ऐक, ते तिकीट पुढे ढकल... नाही रे, तास संपले, सही पण मिळाली... मावशी सोडत नाहीये.” तो थांबला. मग फोन कानापासून बाजूला करून माझ्याकडे वळला. “तो विचारतोय, किती दिवस ढकलू?”

“त्याला सांग, मी मरेपर्यंत.”

हाकोपाने माझ्याकडे नीट बघितलं, हॅटपासून पायापर्यंत, आणि फोन परत कानाला लावला.

“रद्दच कर,” तो म्हणाला. “ही काही एवढ्यात मरत नाही.”