तोरिकाच्या खिडक्या

सुवा शहरातल्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथून लांबच्या बेटांवरच्या आजारी माणसांची येण्याजाण्याची सोय लावली जाते. बोट, विमान, इस्पितळातली तारीख, राहायला खोली असं सगळं एकमेकांशी जुळवायचं, म्हणजे माणूस धक्क्यावर उतरला की त्याला बावरून उभं राहावं लागत नाही. सतरा वर्षं हे काम मी एकटीनं केलं. लाकेंबाच्या नर्सबाईंपासून रोटुमाच्या मास्तरांपर्यंत सगळे फोन उचलला की आधी विचारायचे, "उनाइसी आहे का?"

माझी पद्धत ठरलेली होती. कॉम्प्युटरवर बोटीचं पान उघडायचं, वेळ बघायची, वहीत लिहायची, पान बंद करायचं. मग विमानाचं पान, मग इस्पितळाचं. एका माणसाला पाऊण तास लागायचा. जास्त लागतो असं कुणी कधी म्हटलं नाही, कारण कमी वेळात करणारं कुणी पाहिलंच नव्हतं.

फेब्रुवारीत तोरिका आली. लंबासा गावची मुलगी, सव्वीस वर्षांची. पहिल्या दिवशी खुर्चीत बसली आणि तिनं माउस असा बाजूला सरकवला, जशी आपण दुसऱ्याची उष्टी बशी सरकवतो. मग दोन्ही हात कीबोर्डवर. तिच्या पडद्यावर डाव्या अर्ध्या भागात बोटी, उजव्या अर्ध्या भागात विमानं, आणि त्यांच्या मागे आणखी दोन खिडक्या. एक बटण दाबून धरलं की त्या पत्त्यांसारख्या एकामागून एक समोर यायच्या. रोज लागणारी सहा पानं ती सकाळी एका झटक्यात उघडायची. एखादं पान चुकून मिटलं तर तीन बोटं ठेवायची, की ते परत हजर. शंभर नावांच्या यादीत एक नाव हवं असलं तर मी बोट लावून वरून खाली वाचत जायची. ती दोन बटणं दाबून तीन अक्षरं लिहायची आणि ते नाव पिवळं होऊन समोर उभं राहायचं.

माझा पाऊण तास तिला सात मिनिटांचा होता. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

आमचा ड्रायव्हर धर्मेन तोंडाचा फटकळ. येता-जाता म्हणायचा, "तोरिकाचा उंदीर बिचारा उपाशी मेला. आणि उनाइसीबाई, तुमचा पळून पळून मरणार!" सगळे हसायचे. तोरिकाही हसायची, पण माझ्याकडे बघून लगेच थांबायची. त्या थांबण्याचा मला जास्त राग यायचा.

मुलगी वाईट नव्हती. मला नेई म्हणायची, आत्याला म्हणतात तसं. लिंबाच्या पानांचा चहा आधी माझ्या टेबलावर ठेवायची. एकदा म्हणालीसुद्धा, "नेई, दोन-तीन युक्त्या दाखवू? दहा मिनिटांत येतील."

मी म्हटलं, "माझं अडलंय का काही?"

"नाही नाही, नेई."

"मग झालं तर."

पण चोरून मी तिच्या हातांकडे बघायची. कुठलं बोट कुठं जातं ते लक्षात ठेवायची, आणि ती बाहेर गेली की माझ्या मशीनवर करून बघायची. एकदा सगळा पडदाच आडवा झाला, आणि तो सरळ करायला तिलाच बोलवावं लागलं. तिनं नुसती दोन बटणं दाबली आणि ती गेली. घरी येऊन मी नवऱ्याला कसाव्याचा कंद करपलाय म्हणून बोलले. कसावा मीच उकडला होता.

ऑगस्टमध्ये परदेशातले डोळ्यांचे डॉक्टर आले. वर्षातून एकच आठवडा येतात. शुक्रवारी शेवटची शस्त्रक्रिया, नंतर थेट पुढचं वर्ष. त्या आठवड्यात बुधवारी सकाळी आमचे साहेब, पोनिपाते, एक मोठा कागद घेऊन आले आणि त्यांनी तो भिंतीवर चिकटवला, नेमका माझ्या टेबलाच्या वर. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘तोरिकाच्या युक्त्या’, आणि खाली बटणांची यादी.

"उनाइसी, रोज एक शीक," साहेब म्हणाले. "महिन्याभरात तूही पळायला लागशील."

सगळ्या ऑफिससमोर. मी मान हलवली.

अर्ध्या तासानं फोन वाजला. लाकेंबाच्या नर्सबाई. गेली पंधरा वर्षं आम्ही एकमेकींच्या पोराबाळांची चौकशी करतोय. मी म्हटलं, "बोला नर्सबाई, कशा आहात?"

"बरी आहे गं. तोरिका आहे का जवळ? जरा घाईचं आहे."

मी फोन तोरिकाच्या हातात दिला. त्यानंतर सकाळभर माझ्या छातीत काहीतरी जळत होतं. आजही सांगताना जळतं.

काम होतं लावेनिया नावाच्या एका बुबूचं, म्हणजे म्हाताऱ्या आजीचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात धरल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. डॉक्टरांच्या यादीत शुक्रवारचं तिचं नाव लागलं होतं. बोट मंगळवारीच सुटून गेलेली, म्हणून गुरुवारचं छोटं विमान हाच एक मार्ग. तोरिकानं एक जागा धरून ठेवली होती. दुपारी एकच्या आत फॉर्म आणि डॉक्टरांचं पत्र पाठवलं तर जागा पक्की, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला. फॉर्म भरून झाला होता, पत्रही जोडलं होतं. फक्त नर्सबाई म्हातारीचा जन्मदाखला शोधून त्यावरचा आकडा कळवणार होत्या. तोवर तोरिका रोटी पार्सल आणायला खाली गेली. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तिची खुर्ची रिकामी आहे आणि पडद्यावर तिच्या खिडक्या मांडलेल्या आहेत.

साडेबारा वाजले होते. मी उठले, तिच्या टेबलाशी गेले. भिंतीवरच्या कागदावरची चौथी ओळ मला पाठ झाली होती: खिडकी बंद करण्याची. मी तसं केलं. एकदा, दोनदा, चारदा. ‘भरलेली माहिती जाईल, चालेल का?’ असं मशीननं विचारलं. मी ‘हो’ दाबलं. पडदा मोकळा झाला. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि वही उघडली.

मला काय हवं होतं? तिनं गोंधळावं, एवढंच. सात मिनिटांच्या जागी तिलाही एकदा पाऊण तास लागावा आणि तो सगळ्यांनी बघावा.

ती पावणेएकला आली. पडदा बघून म्हणाली, "अरेच्चा!" तीन बोटं ठेवली, आणि चारही खिडक्या परत उभ्या राहिल्या. माझा जीव चडफडला. पण मग तिचे हात थांबले. खिडक्या आल्या होत्या, त्यातलं भरलेलं काही आलं नव्हतं. विमानाचं पान पुन्हा पासवर्ड मागत होतं, आणि तो दिल्यावर येणारा आकडा साहेबांच्या मोबाइलवर जायचा. साहेब मिटिंगला गेलेले. तिनं तीन फोन केले. नर्सबाईंचा आकडा आला होता; साहेबांकडचा मिळाला तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती. ती इतक्या वेगानं लिहीत होती की बटणांचा आवाज तुटत नव्हता. तरी तिनं शेवटचं बटण दाबलं तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

जागा गेली होती.

तोरिका माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

"नेई, काय केलं मी हे? माझ्याच हातून बंद झालं असणार. मी नेहमी घाई करते. आता त्या बुबूला वर्षभर आंधळं राहावं लागणार."

रोटी तिच्या टेबलावर गुंडाळलेलीच होती. तेव्हा मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी तोंड उघडलं ते चांगुलपणानं नव्हे. ती स्वतःलाच बोल लावत होती ते मला ऐकवेना, म्हणून.

"तू नाही केलंस," मी म्हटलं. "मी बंद केलं. मुद्दाम."

तिनं विचारलं, "का?"

मी वरच्या कागदाकडे बघितलं. तीही त्याच्याकडे बघून परत माझ्याकडे वळली.

"ते नंतर," ती म्हणाली. आवाज एकदम कोरडा. "खुर्ची इकडे घ्या."

आधी मी माझे सगळे फोन करून पाहिले. बोटींचे कप्तान, धक्क्यावरचे मुकादम, सतरा वर्षांत जोडलेली सगळी माणसं. कुणाकडेच काही नव्हतं. माणसं मायेनं बोलली, पण लाकेंबाकडे आठवडाभर काही जाणार नव्हतं. मग मी मुकाट्यानं तिच्या शेजारी बसले.

तिनं माझ्या समोर दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीत विमानाच्या जागा, दुसरीत म्हातारीचा पूर्ण भरलेला फॉर्म. "कुणी जागा सोडली तर इथं एक आकडा दिसेल. दर अर्ध्या मिनिटानं हे बटण दाबायचं, पान ताजं होतं. आकडा दिसला की इकडे येऊन पाठवायचं. माउसला हात लावू नका, वेळ जातो." स्वतः ती दुसऱ्या मशीनवर, त्या विमानातून दुसऱ्या कामाला येणाऱ्या लोकांना शोधून, जागा सोडता का म्हणून फोन करत होती.

तीन तास मी एकच बटण दाबलं. शून्य. शून्य. शून्य. धर्मेन दोनदा येऊन बघून गेला आणि काही बोलला नाही, यावरून आम्ही कशा दिसत होतो ते समजा.

चार वाजून दहा मिनिटांनी शून्याच्या जागी एक आला. आणि माझा हात, इतकं सांगूनही, माउसकडे गेला. बाण पडद्यावर इकडेतिकडे धावायला लागला. मला बटण सापडेना. तेवढ्यात माझ्या हातावरून तोरिकाचा हात आला. दोन टिचक्या, आणि हिरवी अक्षरं: जागा पक्की.

मी सुटकेचा श्वास घेतला. पण खरं सांगायचं तर त्याच श्वासात मनात आलं: शेवटी तिनंच केलं.

साहेब आले तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "तुझ्याकडून, उनाइसी?" एवढंच. दुसऱ्या दिवशी ताकीद मिळाली, लेखी. तीन आठवडे मला मागच्या खोलीत जुने कागद लावायला बसवलं. तोरिका कामापुरतं बोलायची, आणि तेही "मिसेस उनाइसी" म्हणून. चहा मी माझा माझ्या हातानं करून घ्यायची.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले तर दारात एक म्हातारी उभी. एका डोळ्यावर अजून पट्टी, दुसऱ्याची काढलेली, तो उघडा आणि ओला, काखेत गुंडाळलेली चटई. एकटीच आली होती, बसनं.

"तोरिका कोण?" तिनं विचारलं.

ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. एक क्षण, अगदी एकच, मला वाटलं की म्हणावं, मीच.

"ती बाहेर गेलीय, बुबू. बसा. चहा करते."

मी चहा केला, बन दिला. ती प्रत्येक वस्तू उचलून डोळ्याजवळ नेऊन बघत होती. कपावरचं फूल, माझ्या ब्लाउजचं बटण. मला बसवेना.

"बुबू, तुमची विमानातली जागा माझ्यामुळे गेली होती. मी मुद्दाम तिचं काम बिघडवलं."

ती चहा फुंकत थांबली. "माझ्यावर राग होता?"

"नाही. तुम्ही मला माहीतही नव्हतात. तिच्यावर जळत होते. तिचे हात फार वेगानं चालतात म्हणून."

म्हातारीनं उघड्या डोळ्यानं मला नीट न्याहाळलं. ती चिडेल, चटई उचलून जाईल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "माझी बहीण माझ्यापेक्षा बारीक चटई विणायची. मी एकदा तिची विणायला सुकवलेली पानं पावसात टाकली होती. साठ वर्षं झाली. तिला सांगितलं नाही, आता ती नाही." आणि बनचा तुकडा चहात बुडवला. "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण जागा गेली असती ना, तर मी तुला चांगली झोडपली असती."

तोरिका आली तेव्हा म्हातारीनं तिला शेजारी बसवलं, तिचे दोन्ही हात धरून उजेडाकडे वळवले आणि उलटे-सुलटे करून पाहिले.

"हे होय ते?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "नखं तर कुरतडलेली आहेत."

तोरिकानं झटकन हात मागे घेतले, आणि मग तिला हसू आवरेना. मलाही. चटई तिलाच मिळाली. फार सुंदर होती, कडेला रंगीत लोकरीची झालर, आणि ती मला मिळाली नाही याचं मला वाईट वाटलंच.

मागच्या खोलीतले तीन आठवडे संपले त्या सोमवारी मी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "दहा मिनिटांत येईल म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"दहा मिनिटं तेव्हाची होती," ती म्हणाली. "आता महिना लागेल. बसा."

महिना नाही, तीन लागले. आता माझ्याही पडद्यावर चार खिडक्या असतात आणि एका माणसाचं काम मी सोळा मिनिटांत करते. तिला आता सहाच लागतात.