माझा वेग कोणता?

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. राखाडी प्लॅस्टिकचं चपटं अंग, खाली पितळी दातांची रांग आणि पोटात एक पळणारा माणूस. तो पळतो म्हणून मीही पळते. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. आत्ताही या फळीवर

थांबा. दातांवर धूळ बसली की मी अशी मध्येच अडकते. पुन्हा सुरुवातीपासून सांगते.

एका कारखान्यात एका बाईने माझ्या अंगात सर्किटची हिरवी पट्टी बसवली, स्क्रू आवळले आणि लगेच पुढची कॅसेट हातात घेतली. तेवढीच आमची ओळख. माझ्या तिसऱ्या लेव्हलला एक लाकडी पूल आहे. माणूस पळतो, मागे एकेक फळी निखळत जाते आणि तीन आवाजांची एक धून वाजते. ती संपत नाही. शेवटाला आली की पुन्हा सुरुवातीला उडी मारते. करणाऱ्याने तिला शेवट दिलाच नाही. आता तुम्हीच सांगा, अशी धून पोटात असल्यावर जिवाला चैन कशी पडणार?

माझं पहिलं घर दादाचं. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी परदेशातून गेम खेळायचं मशीन आणलं होतं. दादा मला रुमालात गुंडाळून ठेवायचा. मग त्याची मोठी परीक्षा आली आणि त्याच्या आईने मला उचलून त्याच्या आत्याकडे धाडलं. तिथे त्याची आतेबहीण होती. तिला सगळे बारकी म्हणत. तिच्याकडे इथल्याच बाजारातून घेतलेलं मशीन होतं. बारकी तिसऱ्या लेव्हलला पोचायची आणि पुलाच्या अलीकडे माणसाला नुसता उभा करून ठेवायची, धून ऐकायला. तिची आई म्हणायची, "अगं, खेळतेस की टीव्हीची राखण करतेस?"

मग दोघं मोठी झाली आणि मी खोक्यात गेले. किती वर्षं, ते विचारू नका. पुढे दादाला जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तेव्हा बारकीनेच मला परत आणून दिलं. मी त्याच्या कॉम्प्युटरवरच्या फळीवर आले.

दादा आता इमारतींमधल्या लिफ्ट तपासतो. दिवसभर लिफ्टमधले दोष लिहितो आणि घरी आला की गाण्यांमधले. जुन्या गेमच्या धुनांना चाहते नवा साज चढवतात, त्याला रिमिक्स म्हणतात. दादा असे रिमिक्स ऐकून त्यांवर इंटरनेटवर परखड लिहितो. मंडळी त्याला 'कात्री' म्हणतात. यंदा या मंडळींनी तीस रिमिक्सचा संग्रह काढायचं ठरवलं होतं. रविवारी निवड संपणार होती आणि कात्रीने नको म्हटलं, की विषय संपला.

गुरुवारी माझ्या पुलाच्या धुनेवर एक रिमिक्स आला. करणाऱ्याने नाव लावलं होतं 'सुई'. दादाने तो तीनदा ऐकला आणि लिहिलं: "पूल कोसळतोय आणि सुईला जांभई येतेय. मूळ धून धावते, ही रांगते. सूरही उतरलेला. मधले ढोल धुनेच्या डोक्यावर बसलेत. संग्रहात घेऊ नये."

खाली चाळीस जण हसले. एकाने विचारलं, धून आजारी आहे का?

मी फळीवर होते. मला सगळं माहीत होतं. मी ओरडले असते, पण मशीनशिवाय मला तोंड कुठे आहे? तीन दिवस माझ्या अंगाची नुसती

थांबा. हो, आले, आले.

रविवारी दुपारी बारकी आली. खांद्याला पिशवी. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, बोटं नेहमी स्वच्छ. खुर्चीत न बसताच म्हणाली, "दादा, सुई म्हणजे मी."

दादाने हातातला कप खाली ठेवला. "तू? अगं, मग आधी सांगायचंस."

"का? गोड लिहिलं असतंस?"

"नसतं लिहिलं. पण फोन केला असता."

"दोन वर्षं लागली मला ते करायला. आज काढून टाकणार आहे. पुन्हा या भानगडीत पडणार नाही, एवढंच सांगायला आले."

"अगं, पण एवढी संथ का केलीस? माणूस जीव मुठीत धरून पळतोय आणि तू अंगाई लावलीस!"

"मी संथ केलेलीच नाही."

"बारके, ती धून मला झोपेतही पाठ आहे."

"मलाही आहे. कॅसेट दे."

तिने पिशवीतून आपलं जुनं मशीन काढलं. दादाने सवयीने माझ्या दातांवर फुंकर मारली. बारकीने मला हिसकावलंच. "थुंकी उडते, दादा! दात गंजतात." तिने काचा पुसायच्या मऊ कापडाने माझा एकेक दात पुसला. मग मी वाजले.

संथ. सूरही अर्धी पायरी खाली.

"मशीन बिघडलंय तुझं," दादा म्हणाला.

"मग माझं अख्खं लहानपणच बिघडलेलं होतं म्हण."

दादाने घड्याळ लावलं. धून एकदा फिरून यायला साठ सेकंद. मग त्याने आपलं मशीन काढलं आणि मला त्यात बसवलं. पन्नास सेकंद. पुन्हा तिच्या मशीनमध्ये साठ, पुन्हा त्याच्या मशीनमध्ये पन्नास. माझी नुसती ओढाताण! मित्रांनो, गोष्ट साधी आहे. त्याचं परदेशी मशीन टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं काढतं, तिचं इथलं पन्नास, आणि त्याचा सूरही जरा खालचा. मी चित्रांच्या तालावर सूर सोडते. ज्या मशीनमध्ये बसले, त्याचा वेग माझा. दोघंही खरं बोलत होती.

दादाने घड्याळ बंद केलं. मग म्हणाला, "लिफ्टचा दोष लिहायच्या आधी मी निदान त्या लिफ्टमध्ये चढतो तरी."

त्याने तिचा रिमिक्स पुन्हा लावला, पहिल्यापासून. मध्येच हात वर केला. "हा खालचा आवाज कुठून आणलास?"

"आणला नाही. तिसरा आवाज तो, मूळ धुनेतलाच. तुमच्या घरी घाईत चिरडला जायचा. सगळं गाणं मी त्याच्यावरच बांधलंय."

दादाने आधीचं लिखाण पुसलं नाही. त्याखाली लिहिलं: "वेग आणि सूर यांबद्दल मी चुकलो. हिच्या घरी धून अशीच वाजायची आणि तिथे तिसरा आवाज ऐकू यायचा, तो मी जन्मात ऐकला नव्हता. संग्रहात घ्यावं. मात्र ढोल अजूनही धुनेच्या डोक्यावर बसलेत."

बारकीने मागून वाचलं. "ढोलाचं काढ ना."

"नाही काढणार."

"खडूस आहेस."

"आहेच. ऐक तू परत."

तिने हेडफोन लावले. कपाळाला आठी घालून ऐकलं. मग पुटपुटली, "झालेत खरे जरा जास्त," आणि तिथेच बसून ते कमी केले. अंधार पडायच्या आत गाणं गेलं. संग्रहात ते शेवटून दुसरं आहे. हसलेल्या चाळीसांपैकी दोघांनी हसू मागे घेतलं. बाकीचे दुसरीकडे हसायला गेले.

आणि मी? दोन्ही मशीनं आता टेबलावर शेजारी शेजारी असतात. मला कशात ठेवायचं यावरून भावंडांचं दर रविवारी जुंपतं. माझा खरा वेग कोणता, ते मलाही कळलेलं नाही. कोणी कळू देईल असंही

थांबा. एवढं तरी सांगू द्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या कॅसेटवर फुंकर मारू नका, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. आणि कोणाचं गाणं तुम्हाला संथ वाटलं, उतरलेलं वाटलं, तर दोष जरूर सांगा. पण लिहायला बसण्याआधी त्याला एवढं विचारा: तुमच्या घरी हे कसं वाजायचं?