दोघांचं उत्तर

“त्या फोटोत मी खरंच माणूस बघितला हो, मावशी,” डबा पिशवीत कोंबता कोंबता चष्मेवाली म्हणाली. “पाय दिसत होता त्याचा.”

शेजारच्या टेबलावरची ही पोर, घरी तान्हं मूल, आणि गुण घसरले म्हणून सकाळी आल्या आल्या तिला नारळ मिळाला होता. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवायचं, हे त्या खोलीतलं काम. प्रत्येक फोटो तिघांकडे जायचा. दोघांचं उत्तर जुळलं की ते बरोबर, तिसऱ्याचे गुण कापले. त्यामुळे फोटोत काय आहे ते कुणी बघतच नसे. बाकीचे काय म्हणतील ते ओळखायचं आणि बटण दाबायचं. मावशी यात मुरलेल्या. त्यांच्या पगारावर अंथरुणाला खिळलेला नवरा जगत होता, तेव्हा हात दाखवून अवलक्षण त्यांना परवडणारं नव्हतं. रस्त्याकडेला काहीतरी पडलंय असा तो फोटो त्यांच्याकडे आला असता, तर त्यांनीही बाकी दोघांसारखं ‘गाठोडं’च दाबलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेच घशाखाली उतरत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत जिन्यात ठरलं. संघटना उभी करायची म्हणून कधीपासून सगळ्यांच्या मागे लागलेल्या लंबूने बेत मांडला. जेवणानंतर साहेब फेरीला आले की सगळ्यांनी एकदम माउसवरचा हात काढायचा आणि पोरीला परत घ्या म्हणायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खडूस तेवढा भिंतीला टेकून चहा पीत राहिला. तो कधी कुणाला साधं पेनही देत नसे, त्यामुळे त्याला कुणी विचारलंही नाही.

साहेब आले. माउसची टिकटिक चालूच. जो तो डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे बघत होता. वर्षानुवर्षांची सवय, एका दुपारी कशी सुटणार? लंबूचाही हात निघेना. शेवटी मावशींनी आपला हात उचलून मांडीवर ठेवला.

“बरं वाटत नाही का, मावशी?” साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. पळवाट देऊन बघत होता.

“मी ठणठणीत आहे, साहेब. त्या पोरीला परत घ्या. दिसलं ते फक्त तिने सांगितलं. आम्ही सगळे एकमेकांना घाबरून उत्तरं देतो.”

“हे तुमचं एकटीचं म्हणणं, की आणखी कुणाचं?”

मावशींनी मान खाली घातली. आणखी कुणी नाही, हे त्यांना न बघता कळत होतं. घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगायचं याची त्या मनात जुळवाजुळव करू लागल्या. तेवढ्यात मागची एक टिकटिक थांबली. खडूसने खुर्ची मागे सारली होती. मग त्याच्या शेजारची थांबली, मग लंबूची, मग खिडकीकडची रांग. सगळे नाही थांबले. काहींनी स्क्रीनमध्ये खुपसलेलं डोकं वर काढलंच नाही. त्यांनाही घरं होती.

साहेब वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेले. आता काय होईल कुणालाच सांगता येत नव्हतं. इतक्यात शिपाई चष्मेवालीची खुर्ची न्यायला आला. वरच्या मजल्यावर हवी होती म्हणे.

खडूसने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “तिची आहे.”